हुरैमच्या डोंगराचा वाटाड्या

मरहून बिन सालमीनला दिशा कळत नाहीत, ही गोष्ट आखाताच्या काठावरच्या रास मुवैज गावात एका मरहूनला सोडून सगळ्यांना ठाऊक होती. नमाज पढून मशिदीतून घरी निघालेला मरहून मासे सुकवायच्या आवारात उभा दिसला, तर लोक त्याला दंडाला धरून वळवत आणि "घरी सलाम सांग" म्हणून आपल्या वाटेनं जात. मरहूनला त्यात काही वावगं वाटत नसे. "जरा लांबून आलो," एवढंच तो म्हणायचा.

तरुणपणी तो मोत्यांच्या बोटीवर दोरी ओढायला होता. पाणबुड्यानं खालून हिसका दिला की दोरी वर ओढायची. वर कुठे असतं ते मरहूनला बरोबर समजायचं, त्यामुळे त्या कामात त्याला कुणी नाव ठेवलं नाही. एकदा मोत्यांच्या व्यापाऱ्याबरोबर तो मुंबईलाही जाऊन आला. बोट धक्क्याला लागल्यावर साबण घेऊन येतो म्हणून उतरला, तो कल्याणला सापडला. तिथं कसा पोचला हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. साबण मात्र आणला होता.

पुढे जपान्यांनी शिंपल्यांची शेती मांडली, आमच्या मोत्यांना कुणी हुंगेना, आणि बोटी वाळूवर ओढून पालथ्या घातल्या गेल्या. मरहून लाकूडफाटा गोळा करून विकायला लागला. सकाळी गावाबाहेर जायचा. कधी संध्याकाळी परत यायचा, कधी दुसऱ्या दिवशी, आणि ज्या बाजूनं गेला त्या बाजूनं कधीच यायचा नाही. पण अंगात रक्त वाटाड्याचं आहे, असं त्याचं ठाम मत होतं. शेखच्या मजलिसमध्ये चपलांजवळच्या आपल्या जागी बसून तो सांगायचा, "माझा आजा काफिले घेऊन मस्कतला जायचा."

"आणि परत कोण आणायचं?" कुणीतरी विचारायचं, आणि सगळ्यांबरोबर मरहूनही हसायचा.

अशा दिवसांत कंपनीचा माणूस आला.

विगमोर त्याचं नाव. उंच, मान लांब, उन्हानं नाकाची साल निघालेली. बरोबर बसऱ्याचा इल्यास नावाचा दुभाष्या होता, अंगानं भरलेला आणि घरच्या जेवणाच्या आठवणीनं कायम उदास. विगमोरला जमिनीखालचं तेल काढायचा हक्क लिहून हवा होता. शेख मतर बिन सय्याहला तो द्यायचाच होता. मोती गेल्यापासून शेखच्या स्वयंपाकघरातसुद्धा भातात भात कमी आणि वाफ जास्त झाली होती. पण द्यायचंय म्हणून लगेच देणारा माणूस शेख नव्हे. खाडीच्या तोंडाशी इंग्रज सरकारची तोफांची बोट उभी होती. ती काही म्हणत नव्हती, नुसती उभी होती. शेख रोज सकाळी तिच्याकडे एकदा बघून घ्यायचा आणि मग बोलणी लांबवायला बसायचा.

"तुमच्या राज्याची हद्द कुठपर्यंत?" विगमोरनं विचारलं.

"माझे उंट चरतात तिथपर्यंत."

"उंट कुठपर्यंत चरतात?"

"चारा असेल तिथपर्यंत."

"आणि चारा?"

"तो पावसाकडे आहे," शेख म्हणाला. "पावसाला कोण विचारणार?"

इल्यासनं हे सगळं इंग्रजीत सांगितलं आणि विगमोरनं लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्याला कळलं की लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शेखनं मोटारगाडी मागितली. गावात रस्ता नव्हता, पण ते कंपनीनं बघावं. बर्फ करायची पेटी मागितली. आणि दाढेवर इलाज करणारा माणूस करारात घाला म्हणाला, कारण त्याची डावी दाढ ठणकत होती. विगमोरनं सांगितलं की करार तेलाचा आहे, दातांचा नाही. शेख म्हणाला, "दाढ ठणकत असताना मला तेलाचं कसं ऐकू येणार?" असे बरेच दिवस गेले.

शेवटी बोलणी अडली ती हुरैमच्या डोंगरांपाशी. विगमोरचा जीव त्या डोंगरांत अडकला होता. तिथल्या दगडांच्या घड्या बघितल्या की खाली तेल आहे की नाही ते कळतं, असं त्याचं म्हणणं. डोंगर शेखचे असतील तर कंपनी हात सैल सोडणार होती. नसतील तर नुसत्या किनाऱ्याचे चणेफुटाणे.

"डोंगर माझेच," शेख म्हणाला. "माझ्या आजापासून."

"मग मी तिथं जातो," विगमोर म्हणाला, "आणि तिथल्या लोकांना विचारतो, तुमचा शेख कोण."

मजलिसमधले सगळे शेखकडे बघायला लागले. हुरैममध्ये बनी शुवैल टोळीचे लोक राहायचे, आणि त्यांचा म्होरक्या अतीक बिन दल्मूक हा शेख मतरला शेख तर सोडाच, शेजारी म्हणायलाही तयार नव्हता. मागे जकातीचे उंट आणायला शेखनं माणूस धाडला होता. अतीकनं त्याला बकरा कापून जेवू घातलं, दोन दिवस ठेवून घेतलं आणि मग गाढवावर उलटं बसवून परत पाठवलं. तो माणूस अजून त्या मजलिसमध्ये बसत होता, पण भिंतीकडे तोंड करून.

शेखनं दाढेवर बोट दाबलं आणि डोळे मिटले. मग म्हणाला, "जरूर जा. माझा सगळ्यात चांगला वाटाड्या तुम्हाला देतो. मरहून बिन सालमीन."

कॉफी ओतणाऱ्यानं कॉफी पाहुण्याच्या गुडघ्यावर ओतली. म्हातारे आपापल्या कपात बघायला लागले. एकाला असा खोकला लागला की त्याला बाहेर न्यावं लागलं. चपलांजवळ बसलेला मरहून उठून उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मरहून," शेख गंभीरपणे म्हणाला, "साहेबाला हुरैमला घेऊन जा. जवळच्या वाटेनं."

"शेख, आयुष्य वाढो तुमचं. डोळे मिटून नेतो."

"तसंच ने."

घरी त्याची बायको सल्हा सुके मासे कुटत बसली होती. मरहून दारातच थांबला.

"सल्हा, शेखनं मला वाटाड्या नेमलं."

"कुठला?"

"सगळ्यात चांगला."

"कुठला डोंगर, कुठलं गाव, ते विचारतेय मी."

"हुरैम. साहेबाला दाखवून आणायचंय."

सल्हानं मुसळ खाली ठेवलं. ती चतुर बाई होती. शेखचा डाव तिला मरहूनचं वाक्य संपायच्या आत समजला. बोलायला तिनं तोंड उघडलंही. पण मरहून डोक्याचं फडकं सोडून पुन्हा नीट बांधत होता, आणि घाईत दर वेळी त्याची गाठ सुटत होती. बोटी वाळूवर आल्यापासून तिनं नवऱ्याचा असा चेहरा पाहिला नव्हता.

"बस खाली, मी बांधते," ती म्हणाली. मग बांधता बांधता म्हणाली, "माझी सम्हा घेऊन जा."

सम्हा ही तिची सांडणी. माहेरून आलेली, आता वय झालेली, स्वभावानं सासूसारखी. सल्हाशिवाय कुणाचं ऐकायची नाही.

"आणि वाट लांबली, सुचेनासं झालं, तर तिचा दोर सैल सोड. ती पाण्यापाशी नेते."

"मला सुचेनासं कशाला होईल?"

"तुला नाही रे. तिला झालं तर," सल्हा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव निरोप द्यायला आलं. एवढं गाव निरोपाला का आलं हे मरहूननं मनाला विचारलं आणि त्याचं उत्तरही मनानं त्याच्या बाजूनंच दिलं.

विगमोरच्या खिशात होकायंत्र होतं. मरहूननं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "हे कुठं दाखवतं?"

"उत्तर," इल्यास म्हणाला.

"आणि आपल्याला डोंगराकडे जायचं असलं तर?"

"तरी उत्तर."

"मग त्याला आपण कुठं जाणार ते सांगितलेलंच नाही," मरहून म्हणाला आणि ते परत दिलं. विगमोरला हे फार आवडलं. वाळवंटातल्या माणसाला दिशा जन्मतःच कळते, असं त्यानं लहानपणी कुठंतरी वाचलं होतं आणि ते खरं असावं अशी त्याची फार इच्छा होती. त्यानं होकायंत्र पिशवीत तळाशी टाकलं.

मरहूननं वाट दाखवायला कसर सोडली नाही. आजा करायचा म्हणे तसं तो मधूनच उतरायचा, मूठभर वाळू घ्यायचा, हुंगायचा, मान डोलवायचा आणि पुन्हा चढायचा. विगमोरही उतरून वाळू हुंगायचा. इल्यास उतरायचा नाही, कारण एकदा उतरल्यावर त्याला पुन्हा चढवायला दोघांना लागावं लागायचं. सम्हा मधूनच मान वळवून दुसरीकडे ओढायची. मरहून तिला दटावून सरळ करायचा. "म्हातारी चळली," तो म्हणायचा.

असे टेकड्या चढत उतरत ते चालले. जवळच्या चामड्याच्या पखाली निम्म्या झाल्या, खजूर आणि सुके मासे निम्मे झाले. मग एका सकाळी शेवटची टेकडी चढून ते वर आले आणि सगळे उंट थांबले.

"मरहून," इल्यास शांतपणे म्हणाला, "समोर काय दिसतं?"

"पाणी."

"किती?"

"पुष्कळ आहे."

"तो समुद्र आहे."

मरहूननं डोळ्यांवर हात धरला. "असेल. पण आपला नव्हे. हा दुसरा."

"आणि ती तोफांची बोट?"

"सरकारकडे काय एकच बोट असते?"

"वाटाड्या काय म्हणतोय?" विगमोरनं विचारलं. इल्यासला कातड्याच्या खोगिरानं सोलून काढलं होतं, आणि आता गाव जवळ आहे एवढंच त्याला दिसत होतं. "तो म्हणतो, वाट समुद्रावरून जाते," त्यानं सांगितलं. विगमोरनं समजल्यासारखी मान हलवली.

खाली कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हथबूर कोळी जाळं झटकत होता. मरहून एकटाच खाली उतरून गेला, विचारावं म्हणून, की हे कुठलं गाव.

"आलास?" हथबूर म्हणाला. "लवकर आलास. माझा बकरा बुडवलास तू."

"कसला बकरा?"

"पैजेचा. मी म्हटलं होतं, तू दक्षिणेला निघशील. मशिदीचा बांगी जिंकला, तो म्हणाला होता, हा पाण्यावरच येणार." मग त्यानं मरहूनचा चेहरा पाहिला आणि हातातलं जाळं खाली केलं. हथबूर वाईट माणूस नव्हता. "तुला ठाऊक नाही? अरे, मला वाटलं तूही त्यात आहेस. तू चुकावंस म्हणूनच तर शेखनं तुला धाडलं. साहेब हुरैमला पोचला तर अतीक सगळं बोलून टाकेल. तू असलास की काळजी नाही. आता जेवायला जा घरी. काम छान झालं तुझं."

मरहून परत वर आला. सम्हाच्या खोगिराचा पट्टा त्यानं सोडला, पुन्हा आवळला, पुन्हा सोडला. विगमोर टोपीनं वारा घेत होता. वाऱ्यावर गावातल्या चुलींचा धूर येत होता.

"चला मग," इल्यास आनंदानं म्हणाला, "ते काय गाव."

"हुरैमला जायचंय," मरहून म्हणाला.

"अरे बाबा, पण—"

"साहेबाला हुरैमला न्यायचं सांगितलंय मला."

त्यानं समुद्राकडे पाठ केली. एवढी एक दिशा त्याला खात्रीची होती. आणि तो निघाला. विगमोर मागोमाग निघाला. इल्यासनं गावाकडे एकदा पाहिलं, बसऱ्याच्या दिशेनंही एकदा पाहिलं, आणि मग तोही निघाला, कारण त्याचा पगार विगमोरकडे होता.

या खेपेला मरहून उतरला नाही, वाळू हुंगली नाही, आज्याची गोष्ट सांगितली नाही. त्याला एकेक आठवत होतं. मशिदीबाहेर दंडाला धरून वळवणारे हात. 'घरी सलाम सांग' म्हणताना ओठ दाबून धरणारी माणसं. मजलिसमध्ये लागलेला तो खोकला. बोलायला तोंड उघडून सल्हा फडकंच का बांधायला लागली ते. गावानं आपल्याला इतकी वर्षं उचलून नेमकं जागेवर ठेवलं, विसरून राहिलेल्या भांड्यासारखं, आणि आपण मात्र त्याला आपुलकी समजत होतो. दोर त्याच्या हातातून कधी गळून पडला हे त्याला कळलंच नाही. सम्हाला कळलं. तिनं मान वळवली, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि इतके दिवस जिकडे ओढत होती तिकडे चालू लागली.

"वाटाड्या एकाग्र झालाय," विगमोर हलक्या आवाजात म्हणाला. "त्याच्याशी बोलू नका."

उन्हं चढली, उतरली, रात्रीचा मुक्काम झाला, सकाळ झाली. मरहून बोलायचा नाही, सम्हा चालायची. आणि मग इल्यास ओरडला नाही, पण ओरडल्यासारखा म्हणाला, "मरहून, ते समोर काय?"

समोर डोंगर होते. काळेनिळे, घडीवर घडी पडलेले. मरहूननं मान वर करून पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो म्हणाला, "मला ठाऊक नाही."

सम्हाला ठाऊक होतं. तिनं म्हातारपण झटकलं आणि दुडक्या चालीनं थेट बनी शुवैलच्या तंबूंत शिरली. मरहून तिच्या मानेला लटकून राहिला. एका तंबूपुढे थांबून तिनं असा काही हंबरडा फोडला की आतून एक म्हातारी पीठ माखलेल्या हातांनी बाहेर आली. ती अतीकची बहीण, हम्दा. तिनं सम्हाच्या मानेवरचा डाग चाचपला, कानामागे हात घातला.

"अतीक," तिनं हाक मारली, "आपल्या हद्बा सांडणीची पोर घरी आली."

अतीक बिन दल्मूक आला. दाढी मेंदीनं लाल, खांद्यावर बंदूक. त्यानं सांडणी पाहिली, मग पाहुणे पाहिले. पाहुणे पाहिल्यावर बाकी सगळं मागे पडलं. बकरा कापला गेला, भात शिजला, आणि पाहुण्यांचं पोट भरून हात धुवून होईपर्यंत सांडणीचा शब्द कुणी काढला नाही. मग अतीकनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"आता बोल. आमची सांडणी तुझ्याकडे कशी?"

"तुमची नाही. माझ्या बायकोची आहे. तिच्या बापानं बाजारात विकत घेतली."

"चोराकडून घेतली. वासरू होती तेव्हा आमच्या कळपातून नेली. डाग बघ तिच्या मानेवर."

एरवी मरहून म्हणाला असता, असेल बाबा. पण त्या आठवड्यात त्याचं बरंच काही गेलं होतं, आणि आता कुणी सांडणीही न्यायला निघालं होतं. तो उठून उभा राहिला. "डाग तुमचा असेल. पण तिला चारा घातला सल्हानं. ताप आला तेव्हा उशाशी बसली सल्हा. मी सांडणी देणार नाही. मला गाढवावर उलटं बसवायचं असेल तर बसवा. मला काय, कुठंही तोंड केलं तरी सारखंच."

अतीकनं कप पुन्हा उचलला. "पाहुण्याकडून मी हिसकावून घेत नाही," तो म्हणाला. "पण सोडतही नाही. चल, याचा न्याय होऊ दे. चल मतरकडे."

"मतरकडे? पण तुम्ही तर त्याला मानत नाही."

"मानत नाहीच. भित्रा आहे, चिक्कू आहे, बापासारखा घोड्यावरही बसता येत नाही त्याला. पण तुझा शेख तो, तुझ्याकडून सांडणी काढून देणार दुसरा कोण?"

विगमोर पुढे सरकला. "काय म्हणतोय हा?"

इल्यासनं मोठा श्वास घेतला. त्याला एवढंच हवं होतं की सगळं आटपावं आणि बोट मिळावी. "तो म्हणतो," इल्यास म्हणाला, "मी न्याय मागायला शेख मतरकडे जाणार."

विगमोरचा चेहरा उजळला. "त्याला विचार, शेखची माणसं इथं जकात घ्यायला येतात का?"

"मतरचा माणूस जकातीला येतो का?" इल्यासनं अतीकला विचारलं.

"आला होता," अतीक म्हणाला. "छान पाहुणचार केला मी त्याचा."

"येतात," इल्यासनं सांगितलं, "आणि पाहुणचार होतो."

विगमोरनं तेही लिहून घेतलं. मग दगडांच्या घड्या डोळे भरून बघितल्या, आणि सगळे परत निघाले. पुढे अतीक होता, त्यामुळे वाट अगदीच थोडी निघाली. मरहूनला वाटलं, एवढंसंच तर अंतर होतं.

रास मुवैजमध्ये कुणीतरी गच्चीवरून ओरडलं की मरहून डोंगराच्या बाजूनं येतोय. कुणाचा विश्वास बसेना. शेख बाहेर येऊन बघतो तर मरहूनच्या शेजारी लाल दाढी. शेखनं गालावर हात ठेवला, आणि ते दाढेमुळे नव्हतं.

अतीक थेट मजलिसमध्ये येऊन बसला. "मतर, माझी सांडणी याच्याकडे आहे. न्याय दे."

शेख मतरनं विगमोरच्या आनंदी तोंडाकडे पाहिलं. इल्यासकडे पाहिलं, इल्यासनं छताकडे पाहिलं. मग शेख हळूहळू ताठ बसला. त्याची उंचीसुद्धा वाढल्यासारखी दिसली.

"न्याय देतो," तो म्हणाला. "तेच माझं काम आहे. पण एक अडचण आहे, अतीक. परक्या मुलखातल्या माणसाचा खटला मला चालवता येत नाही. हुरैम माझ्या राज्यात आहे असं कुठंतरी लिहिलेलं हवं. हे साहेब सारखं लिहितच असतात, त्यांनी ते तेवढं एकदा आपल्या करारात लिहावं."

विगमोर म्हणाला की लिहायला हरकत नाही, पण मोटारगाडीचं अजून ठरायचंय. शेख म्हणाला, ठरवू या की. आणि मजलिसमध्ये एका बाजूला सांडणीचा आणि दुसऱ्या बाजूला तेलाचा, असे दोन वाद एकदम सुरू झाले. मोटारगाडी मंजूर झाली की शेख अतीकचा एक साक्षीदार ऐकायचा. बर्फाच्या पेटीवर अडलं की साक्षीदाराला आठवायला वेळ द्यायचा. अतीकचा धीर सुटत चालला.

"लिहा रे बाबा काय लिहायचं ते," शेवटी तो विगमोरला म्हणाला. "हुरैम याचा लिहा, चंद्र याचा लिहा, पण मला माझी सांडणी द्या."

विगमोरनं लिहिलं. शेखनं शिक्क्याची अंगठी उमटवली. इल्यासनं साक्षीची सही इतक्या घाईनं केली की शाई सांडली. मग शेखनं सल्हाला बोलवलं. ती बुरखा सावरत दारात उभी राहिली.

"सल्हा, हे म्हणतात सांडणी यांची."

"असेल यांची," सल्हा म्हणाली. "घेऊन जाऊ दे. इतक्या वर्षांचा चारा तेवढा द्यायला सांगा."

"चारा?" अतीक म्हणाला. "आणि इतक्या वर्षांचं दूध कुणी प्यालं?"

"तुमच्या डोंगरातली आहे ती. दूध देते का लाथा देते ते तुम्हालाच ठाऊक असेल."

अतीकच्या दाढीत हसू आलं आणि त्यानं ते आवरलं. शेखनं निकाल दिला: सम्हा हिवाळ्यात डोंगरात राहील, उन्हाळ्यात गावात, आणि तिला न्यायचं-आणायचं काम मरहूनचं. दोघांनाही तो पटला नाही, म्हणजे निकाल बरोबर होता.

लोक पांगल्यावर मरहून चपलांजवळून उठून पुढे आला.

"शेख, तुम्ही मला चुकायला पाठवलं होतंत?"

शेखला खोटं बोलायची सवय होती, पण त्या दिवशीचं खोटं बोलून संपलं होतं. "हो," तो म्हणाला. "आणि तेही तुला नीट जमलं नाही."

"पुढच्या खेपेला आधी सांगत जा. मन लावून चुकेन."

शेख हसायला लागला, आणि हसता हसता दाढ दुखून कळवळला. मग त्यानं मरहूनला हाताला धरलं आणि आपल्या शेजारी, गादीवर बसवलं. मरहून तिथं आखडून बसला. त्या जागेवरून दार दिसत नव्हतं, त्यामुळे बाहेर कसं जायचं याची त्याला जरा काळजी वाटत होती.

मोटारगाडी आली. ती दोन वर्षं शेखच्या दारात उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. दाढेचा माणूस आला नाही. तो करारात लिहायचाच राहून गेला होता. आपण काय बोलून बसलो ते अतीकला डोंगरात पोचल्यावर समजलं. तो उलट्या पावली परत आला आणि डोंगर राखायचा पगार आपल्या माणसांना मिळाल्याशिवाय एक इंग्रज वर चढू देणार नाही म्हणाला. विगमोरनं तो कबूल केला आणि शेखला वाटलं, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही.

महायुद्ध संपल्यावर कंपनीची माणसं यंत्रं घेऊन आली. मोठ्या गाड्यांच्या पुढे सम्हा चालायची, तिच्यावर दोर सैल सोडून मरहून बसायचा, आणि मागून सगळे इंजिनीअर भक्तिभावानं यायचे. हुरैममध्ये त्यांनी खोल भोक पाडलं. तेल निघालं नाही. ऊन ऊन पाणी निघालं, सडक्या अंड्यांच्या वासाचं, आणि कंपनी शिव्या देत निघून गेली. बनी शुवैलच्या गुडघेदुख्या म्हाताऱ्यांना मात्र ते पाणी मानवलं. शेख मतरही एकदा येऊन त्यात गळ्यापर्यंत बसून गेला.

निकालानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सल्हा नवऱ्याबरोबर डोंगरात आली ती सांडणीवर लक्ष ठेवायला. हम्दा तिच्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी दोघींनी मिळून अतीकची टिंगल केली, आणि मग सल्हा दर वर्षी यायला लागली. सम्हानं पुढे त्या डोंगरातच डोळे मिटले. खटल्याचा निकाल तिथं संपला, पण जाणं-येणं थांबलं नाही. हिवाळा लागला की अतीक आपला एक माणूस खाली धाडायचा आणि तो दोघांना घेऊन यायचा. वर तंबूपुढे दोघी म्हाताऱ्या बोलत बसायच्या, आणि मरहून त्यांच्यासाठी कॉफी उकळायचा. ती त्याच्याकडून रोज करपायची. दोघी रोज त्याला नावं ठेवायच्या, आणि पुन्हा कप पुढे करायच्या.